शिवणीतली माया

पोटाला टेप लागला की माणूस श्वास आत ओढतो. बागायतदार असो, प्राध्यापक असो की केळी भरणारा मजूर, यात फरक नाही. मुद्दाम कुणी करत नाही, आपोआप होतं. अशा वेळी टेप तसाच धरून ठेवायचा आणि विचारायचं, "बऱ्हाणपूरचा भाव काय निघाला आज?" फैजपुरात केळीच्या भावावर कुणी गप्प राहू शकत नाही. तोंड उघडलं की श्वास सुटतो, पोट आपल्या जागेवर येतं आणि खरं माप हाती लागतं. ही युक्ती वडिलांची. ते पावसाचं विचारायचे.

१९८६ साली मी बारावी झालो, धनाजी नाना महाविद्यालयात नाव घातलं, पहिलं वर्ष कसंबसं पार पडलं आणि वडिलांच्या हाताला कंप सुरू झाला. कात्री धरणाऱ्याचा हात थरथरायला लागला की दुकान संपलंच. मी मशीनवर बसलो तो बसलोच. घराणं मात्र जुनं. १९३६च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, नेहरू अध्यक्ष. त्या वेळी आजोबांनी स्वयंसेवकांचे खादीचे सदरे शिवले असं घरात सांगतात. मापं घ्यायला सवड नव्हती, म्हणून लहान, मधला आणि मोठा असे तीनच आकार कापले आणि मोठे सदरे उरले. आजी हे सांगायची तेव्हा उरलेल्या सदऱ्यांत काही विशेष आहे असं मला वाटलं नव्हतं.

माझ्याकडे मापाच्या एकेचाळीस वह्या आहेत. लाल कापडी बांधणीच्या, जाबद्यासारख्या उभ्या. दोन उंदरांनी खाल्ल्या, एक पावसात भिजली, बाकी शाबूत. प्रत्येक पानावर नाव, तारीख, कापडाचा बारीक तुकडा टाचलेला आणि आकडे. शर्टाचे: उंची, छाती, पोट, खांदा, बाही, कॉलर. पॅन्टचे: उंची, कंबर, सीट, मांडी, गुडघा, बॉटम. २०२०च्या उन्हाळ्यात टाळेबंदी होती, लग्नं नव्हती, दुकानाचं शटर खाली. घरात बसून करायचं काय, म्हणून या वह्या काढल्या आणि जुन्या गिऱ्हाइकांची मापं वर्षावर्षांनी एकाखाली एक मांडत गेलो. बायको म्हणाली, "कुंडल्या मांडताय का?"

तोपर्यंत वजनाबद्दल माझं मत पक्कं होतं, आणि शिंपी असल्यामुळे ते मी बेधडक बोलूनही दाखवायचो. डॉक्टर बोलला तर माणसाला घाबरायला होतं, शिंपी बोलला तर हसायला येतं. खाणं जास्त, हालचाल कमी, मग कंबर वाढणारच. यात शास्त्र कसलं? कॅलरी आत किती गेल्या, बाहेर किती गेल्या, हिशोब संपला. पॅन्ट सैल करायला येणाऱ्याला मी हेच ऐकवत आलो. पैसे घ्यायचे आणि वर उपदेश फुकट.

वह्यांत पहिली गोष्ट दिसली ती माझ्याच मताच्या बाजूची. १९८८-९०च्या वहीत चाळिशीतल्या माणसाला मी सर्रास बत्तीस कंबरेची पॅन्ट शिवलेली आहे. आताचा चाळिशीतला माणूस छत्तीसच्या खाली क्वचित मिळतो. गाव तेच, घराणी तीच, पुष्कळदा आडनावासकट तोच वाडा. बापाचं पान उघडावं आणि त्याच वयाच्या मुलाचं शेजारी ठेवावं, तर चार-चार इंचांचा फरक. तीस वर्षांत माणसाचं रक्त बदलत नाही. म्हणजे बदललं ते भोवतालचं.

काय बदललं हे सांगायला मला कुणी तज्ज्ञ लागत नाही. पूर्वी केळीला पाणी भरायचं म्हणजे रात्री लाईट आली की उठायचं, फावडं घेऊन बारे धरायचे, चिखलात पाय रुतवत एक वाफा भरला की दुसरा फोडायचा. नव्वदीत ठिबक आलं, जळगावच्या जैन इरिगेशननं टिश्यू कल्चरची ग्रँड नैन केळी आणली, आणि शेतकरी चप्पल न काढता कॉक फिरवून परत यायला लागला. मळ्यात जायला मोटारसायकल आली. याच काळात घरात पैसाही आला. मी याला नावं ठेवणार नाही. त्या रात्रीच्या पाण्यात साप चावून माणसं गेलेली मी पाहिली आहेत. पण वहीत त्याची नोंद कंबरेच्या रकान्यात झाली आहे. घड डोक्यावर वाहणाऱ्या मजुरांची कंबर मात्र अठ्ठावीसच राहिली, तीही तीस वर्षं. त्यांची मापं माझ्याकडे कमी आहेत, कारण ते रेडिमेड घेतात, आणि लग्नाला एकदाच शिवतात.

खाण्याचंही तसंच. हिवाळ्यात आमच्याकडे मळ्यात भरीत पार्टी होते. हिरवट-पांढरी मोठी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची, साल काढून लाकडाच्या भांड्यात ठेचायची, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि तेल. वांग्यात काहीच नसतं, जवळजवळ पाणीच. सगळं असतं ते तेलात. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, अर्धा तास नेटानं चालल्यावर जेमतेम जळतील एवढ्या. आईच्या काळी तेल पळीनं मोजून पडायचं, कारण डबा महिनाभर पुरवायचा असे. आता तेल सुटून वर आलं नाही तर पाहुणे म्हणतात, हात आखडला. केळ्याचं घ्या. बाहेरची माणसं विचारतात, तुमच्याकडे केळी खाऊन माणसं जाड होतात का? १०० ग्रॅम पिकल्या केळ्यात ९०च्या आसपास कॅलरी. तेच कच्चं केळं किसून तळलं, वेफर्स केले, की तेवढ्याच वजनात ५००च्या वर. केळ्याला कशाला दोष देता?

इथपर्यंत मी खुशीत होतो. वही मला खरं ठरवत होती. मग तीन भावांचं पान आलं.

तिघांचं एकत्र कुटुंब, एक चूल, एकच मळा. तिघांच्या लग्नाचे कोट मीच शिवले. तेव्हा कंबरा तीस, तीस आणि एकोणतीस. वीस-बावीस वर्षांनी थोरला चौतीस, मधला बेचाळीस, धाकटा तीस. मधला माझ्याकडे आला की मी त्याला सोडत नसे. "भाऊ, दोघांच्या वाटचं तुम्हीच खाता का?" तो हसायचा. भात सोडलाय म्हणायचा, साखर सोडलीय म्हणायचा. माझा विश्वास नव्हता. चोरून खात असणार. वरून शेव-भाजी, रात्री ढाबा, अजून काय.

एका जानेवारीत त्यांच्याच मळ्यात भरीत होतं. मी गेलो आणि, सांगायला लाज वाटते, मी पुऱ्या मोजल्या. तिघांच्या. धाकट्यानं अकरा खाल्ल्या, थोरल्यानं नऊ, मधल्यानं सहा, आणि सहावी अर्धी टाकली. एका जेवणावरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. माणूस चारचौघांत कमी खातो, जाड माणूस तर हमखास, कारण माझ्यासारखे मोजणारे बसलेलेच असतात. पण त्या रात्री घरी येताना माझ्या हिशोबाला पहिली उसवण पडली.

पुढे कधीतरी मी थोरल्याला हे विचारलं. तो म्हणाला, "मास्तर, टिश्यूची रोपं एकाच आईची. खत-पाणी सारखं दिलं की घडही सारखे निसवतात. बांधाकडचं एखादं हलकं, तेवढंच. आम्ही तिघं टिश्यूचे नाई. आम्ही कंदाचे आहोत." कंद लावणारे जुने शेतकरी हे बरोबर ओळखतात. दहा ठिकाणचे कंद गोळा करून लावले की त्याच खतपाण्यात एक झाड बारा किलोचा घड देतं आणि शेजारचं बावीसचा.

माझं एक गिऱ्हाईक डॉक्टर आहेत. संध्याकाळी दवाखाना सुरू व्हायच्या आधी दुकानात येऊन बसतात, कापडापेक्षा गप्पांसाठीच. त्यांना मी ही टिश्यूची गोष्ट सांगितली तर ते उठून उभेच राहिले. म्हणाले, हाच प्रयोग माणसांवर झालाय. कॅनडात, क्लोद बुशार नावाच्या संशोधकानं, १९९०ला तो छापून आला. एकसारख्या जुळ्या तरुणांच्या बारा जोड्या. चोवीसही जणांना ८४ दिवस, रोजच्या गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त खाऊ घातल्या. देखरेखीखाली, चोरून खायची सोय नाही. वजन वाढलं ते कुणाचं सव्वाचार किलो, कुणाचं तेरा किलोच्या वर. जास्तीचा घास सगळ्यांना तोच. पण एका जोडीतले दोघं भाऊ मात्र साधारण सारखेच वाढले. मी हे थोरल्याला सांगितलं तेव्हा त्याला काहीच नवल वाटलं नाही. "म्हंजे टिश्यू," म्हणाला.

बाप-मुलाचं आणि तिघा भावांचं, अशी दोन्ही पानं शेजारी ठेवली तेव्हा मला उमगलं की मी आयुष्यभर दोन वेगळ्या प्रश्नांना एकच उत्तर देत होतो. सगळ्या गावाची कंबर का वाढली, हा एक प्रश्न. त्याचं उत्तर ठिबकात, मोटारसायकलीत, तेलाच्या डब्यात आहे. त्या गावात याच माणसाची बेचाळीस आणि त्याच्या सख्ख्या भावाची तीस का, हा दुसरा. तिथं तेलाचा डबा उपयोगाचा नाही, तो दोघांच्या घरात एकच आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी दुसऱ्या माणसाच्या तोंडावर फेकत आलो होतो. आणि उलटंही चालतं हे मी रोज पाहतो: पानठेल्यावरचा जाड माणूस म्हणतो, "आमची बॉडीच तशी," आणि गाठी-शेव मागवतो. तोही दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याला चिकटवतो.

पण मला खरा धडा दिला तो एका बारीक माणसानं, आणि हा धडा वह्या मांडायच्या तीन वर्षं आधीचा आहे.

सरकारी नोकरीतला माणूस. अंगानं सडसडीत, पायजम्यात काठी घातल्यासारखे पाय. १९९८ पासून माझ्याकडेच शिवायचा आणि कंबर कायम बत्तीस. दर दिवाळीला मी टेप लावायचो आणि दुकानात बसलेल्यांना ऐकू जाईल असं म्हणायचो, "बघा, एकोणीस वर्षं झाली, माप नाही बदललं! याला म्हणतात माणूस." तोही सुखावायचा. २०१७च्या उन्हाळ्यात, वय चव्वेचाळीस, छातीत कळ येऊन पडला. जळगावला नेलं, दोन स्टेंट टाकले. तपासणीत साखर निघाली, चारशेच्या घरात. किती वर्षांची होती कुणास ठाऊक.

मी त्याचं पान काढून बसलो. पॅन्टची कंबर बत्तीस, बत्तीस, बत्तीस. मग शर्टाचे आकडे पाहिले. १९९८: छाती छत्तीस, पोट एकतीस. २००६: पोट चौतीस. २०१६: छाती छत्तीस, पोट अडतीस. आणि मांडी बावीसवरून साडेएकोणीस. माझ्याच हातानं लिहिलेले आकडे. मी ते कापडासाठी लिहिले, माणसासाठी वाचले नाहीत.

यातली गोम शिंप्यालाच कळेल. आम्ही कंबर घेतो ती पॅन्ट जिथं बसते तिथली. पोट सुटलं की पुरुष पॅन्ट खाली सरकवतो, पोटाखाली पट्टा आवळतो आणि आयुष्यभर बत्तीसच राहतो. डॉक्टर टेप लावतात तो वर, बेंबीच्या आसपास. आपल्याकडच्या पुरुषाला तिथं ९० सेंटीमीटर म्हणजे साडेपस्तीस इंच आणि बाईला ८० म्हणजे साडेएकतीस, याच्या पुढं गेलं की धोक्याची खूण धरतात. माझी वही एकाच पानावर दोन्ही सांगत होती: पॅन्ट खोटं बोलत होती आणि शर्ट खरं. (रेडिमेडचं तर विचारूच नका. पट्टीवर चौतीस छापलेलं असतं, टेप लावला की छत्तीस भरतं. आणि ताणणाऱ्या कापडाच्या पॅन्टी आल्यापासून पोट वाढल्याचं माणसाला कळतच नाही. पूर्वी बटण तुटायचं, ते तरी सांगायचं.)

गप्पांना येणाऱ्या डॉक्टरांनी एकदा माझ्या कटिंगच्या खाकी कागदावर दोन माणसं काढून दाखवली. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले स्नेही डॉ. युडकिन, दोघांचा शर्टातला फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. उंचीच्या मानानं वजनाचा जो आकडा काढतात, तो बी.एम.आय. दोघांचाही २२.३, अगदी तंतोतंत. कुणी म्हणावं, दोघंही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९ टक्के आणि याज्ञिकांची २१. दिसायला बारीक, आतून जाड. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला आहे. तिथलं बाळ जन्मतं सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधलं साडेतीन किलोचं. पण कमी असतं ते मांस, पोटाचे अवयव. कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नसते. म्हणजे बारीक अंगातली ही चरबी पाळण्यातूनच येते. पुढं असं मूल शहरात येतं, खुर्चीवर बसतं, पोटभर जेवतं, आणि शरीराला ते झेपत नाही.

त्या सरकारी नोकरीतल्या माणसाचा जन्म १९७३चा. आई साक्रीकडची. बहात्तरच्या दुष्काळात ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, रेशनची मिलो ज्वारी खायची, आणि हा पोटात होता. हे त्यानंच मला पूर्वी कधीतरी कापड निवडता निवडता सांगितलेलं. डॉक्टरांना मी विचारलं, मग त्यामुळेच का? ते म्हणाले, एका माणसाबद्दल असं कुणी सांगू शकत नाही. घरात साखर असेल, विडी असेल, काळजी असेल. पण दुष्काळातल्या गरोदर आईचं पोर पुढं सुखात आलं की जपायला हवं, एवढं म्हणता येतं. मी त्याला जपायला सांगायच्या ऐवजी दरवर्षी चारचौघांत शाबासकी देत होतो.

अजून एक गोष्ट सांगायची आहे, ती सांगायला जड जातं.

दुकानाच्या मागच्या खोलीत बायको ब्लाउज शिवते. एक काकू येत, पन्नाशीच्या, जन्मभर मळ्यात राबलेल्या. दोन वर्षांत त्यांचा ब्लाउज दोनदा मोठा करावा लागला. तोंड गोल झालं, गाल तांबूस, मानेमागे मांस आलं. एकदा त्या मागून बाहेर येत होत्या, दुकानात चार माणसं होती, आणि मी मशीनवरून म्हणालो, "काकू, मळा सुनांवर सोडला वाटतं. आता नुसतं वरण-बट्टी अन् तूप!" माणसं हसली. काकूही हसल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

अकरा महिन्यांनी त्यांची सून जुना ब्लाउज मापाला घेऊन आली. काकूंचे गुडघे दुखत होते, तेव्हा कुणीतरी आठवड्याला पुड्या देत असे. घेतली की दुसऱ्या दिवशी मळ्यात जाता येई, म्हणून दोन वर्षं चालू होत्या. त्यात स्टेरॉइड होतं. भूक वाढली, तोंड सुजलं, पोट सुटलं, दंड-पाय उलट बारीक झाले, साखर आली. मग एकाएकी पुड्या बंद केल्या तर चक्कर येऊन पडल्या, दवाखान्यात ठेवावं लागलं. बायकोनं वही उघडून मला दाखवली. छाती दोन इंचांनी वाढलेली, दंडघेर पाऊण इंचानं घटलेला. जाड होणाऱ्या बाईचा दंड कमी होत नाही. बायकोला तेव्हाच खटकलं होतं. ती काही बोलणार, तेवढ्यात मी विनोद केला होता.

ब्लाउज द्यायच्या निमित्तानं आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. मी काय बोललो ते आठवत नाही. त्या म्हणाल्या, "मी पयले अशी नव्हती रे भाऊ." मग थोड्या वेळानं, "तू हसला त्याचं काई नाई. मी बी हासली, त्याचं वाईट वाटते."

तेव्हापासून मी माप घेताना वजनावर बोलत नाही. केळीच्या भावावर बोलतो.

आता माझं स्वतःचं. लग्नात कंबर तीस. २००४ साली मशीनला मोटर बसवली. त्याआधी सोळा-सतरा वर्षं दिवसाचे आठ-नऊ तास पायडल मारलं, पोटऱ्या दगडासारख्या. मोटर आली, काम दुप्पट निघायला लागलं, पैसा आला, दुपारी चारच्या चहाबरोबर कचोरी आली. दहा वर्षांत सदतीस. त्या बारीक माणसाच्या प्रकरणानंतर मी घाबरून साखर तपासली, उपाशीपोटी ११८. डॉक्टर म्हणाले, उंबरठ्यावर आहात. मी घरी आलो आणि माझ्या मशीनच्या मोटरचा पट्टा काढून जुना चामडी पट्टा चढवला. रोज तीन तास तरी पायडल. शिवाय सकाळी यावल रस्त्यानं चालणं.

वर्षभरात पोट चार इंच उतरेल असा माझा अंदाज होता. उतरलं एक. कारण मला माहीत आहे: पायडल मारलं की साडेचारलाच भूक लागायची, आणि भूक लागली की कचोरीला आता कारण मिळायचं. त्यात शरीरही डाव खेळतं. टांझानियातल्या हाद्झा नावाच्या शिकारी लोकांवर २०१२ साली पॉन्ट्झर यांचा अभ्यास आला. दिवसभर रानात पायपीट करणारी ती माणसं, पण अंगाच्या मानानं पाहिलं तर दिवसाची खर्ची पडणारी ऊर्जा ऑफिसात बसणाऱ्यांएवढीच. एकीकडे जास्त खर्च झाला की शरीर दुसरीकडे हात आखडतं, असा त्याचा अर्थ लावतात. मग त्या एका इंचासाठी पायडल मारायचं कशाला? तर वर्षानं साखर १०२ आली. तो फायदा टेपला दिसत नाही. मोटर मी अजून परत लावलेली नाही, लग्नसराई सोडून.

आमच्याकडे मधल्या काळात दीक्षित जीवनशैलीचीही लाट येऊन गेली. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार, डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघर नेलेला: दिवसातून दोनदाच जेवायचं, पंचावन्न मिनिटांच्या आत, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. २०१८-१९ला सकाळच्या रस्त्यावर जत्रा असायची. माझा धंदा तेव्हा जोरात. रोज दोन-तीन पॅन्टी बारीक करायला येत. एक शिक्षक चाळीसवरून छत्तीसवर आले. एवढा आनंदी माणूस मी पाहिला नाही. पाचही पॅन्टी एकदम दिल्या, "मास्तर, वरचं कापड कापून टाका. परत त्या मापाला जायचं नाही."

कापड मी कापलं नाही. पॅन्टच्या मागच्या शिवणीत जे जास्तीचं कापड दाबून ठेवतो त्याला आम्ही माया म्हणतो. नवशिका शिंपी कापड वाचवायला माया कापतो आणि मग गिऱ्हाईक घालवतो. मी ती आत दुमडून टाका मारला आणि गप्प बसलो. टाळेबंदीत शाळा बंद, चालणं बंद, घरात बसून दोनदाच जेवणं अवघड, आणि वजन उतरलं की भूक जास्त लागते, शरीर कमीत भागवायला शिकतं, हे आता मला ठाऊक आहे. २०२१च्या दिवाळीत ते परत आले. पॅन्टी टेबलावर ठेवल्या, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मी शिवण उसवून त्यांना आत दुमडलेलं कापड दाखवलं. त्यांनी ते बोटांनी चाचपलं. "तुम्हाला आधीच माहीत होतं?" मी म्हणालो, "सर, मी सगळ्यांचंच ठेवतो." ते खरं होतं. आणि त्यांची सगळीच मेहनत वाया गेली असंही नाही. आले ते अडतीसवर, चाळीसवर नाही. त्या दोन इंचांचं मी त्यांना बोलून दाखवलं. वजनाबद्दल न बोलायचा नियम तेवढा एकदा मोडला.

तिघा भावांतला मधला आता चव्वेचाळीसवर आहे. त्याचं साखर-बीपी सगळं ठीक असतं, आणि अकरा पुऱ्या खाणारा धाकटा गोळ्या घेतो. याचा मी काही अर्थ लावत नाही.

गेल्या महिन्यात त्या बारीक माणसाचा मुलगा आला. सव्वीस वर्षांचा, पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो, लग्न ठरलंय. बापासारखाच काठीसारखा, उंच. कंबर तीस. मी पॅन्टचं माप घेतलं, मग टेप वर सरकवला, बेंबीवर, आणि त्यानं श्वास आत घेतला.

"पुण्यात केळी काय भावानं मिळतात रे?"

"डझनाला साठ," तो म्हणाला, आणि पोट सुटलं. साडेचौतीस. ते मी वेगळ्या रकान्यात लिहिलं. २०१७पासून प्रत्येक पानावर मी असा एक रकाना आखतो.

"हे कशाचं माप, काका? कोटाला लागतं का?"

"नाही. साखर तपासली आहेस का कधी?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं जसं पोरं म्हाताऱ्यांकडे पाहतात. "मला कशाला? मी तर बारीक आहे."

मी वही उलटी फिरवून त्याच्या बापाचं पान त्याच्यासमोर धरलं. बोटानं आधी कंबरेचा रकाना दाखवला, मग पोटाचा, मग मांडीचा. तो बराच वेळ आकडे वाचत राहिला. मग स्वतःची मांडी विचारली. वीस, मी सांगितलं.

"तपासतो," म्हणाला. "कोट कधी मिळेल?"

"कच्ची शिलाई शनिवारी. उपाशीपोटी ये, येताना डॉक्टरांकडे होऊन ये."

शनिवारी तो आला. हाताला कापूस चिकटवलेला होता. कोट खांद्यात अर्धा इंच ढगळ झाला होता, तो मी खडूनं आखून घेतला.